केवढ्याची होती?

सायकल चोरीला गेली असं कुणी सांगितलं की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा. शेजारी विचारतात, पाहुणे विचारतात, पोलीस ठाण्यातला अंमलदार कागद पुढे ओढता ओढता विचारतो. आकडा लहान निघाला की ऐकणाऱ्याचा चेहरा सैलावतो. चला, थोडक्यात निभावलं. गेले काही महिने पुण्यात आणि पुण्याबाहेर, ज्यांच्या सायकली गेल्या अशा माणसांशी मी बोलत होते. या प्रश्नापाशी जवळजवळ प्रत्येक जण थबकतो. आकडा त्यांच्यापाशी असतो, पण जे गेलं ते त्या आकड्यात मावत नाही.

दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहणाऱ्या एक मावशी चार घरी पोळ्या करतात. दोन घरं नवी पेठेत, एक सदाशिव पेठेत, एक म्हात्रे पुलापलीकडे एरंडवण्यात. सायकल लेडीज, जुनी, तीन हजारांना घेतलेली, पुढे जाळीची बास्केट. पहिलं घर सकाळी साडेसहाला, कारण तिथल्या नवरा-बायकोंना साडेसातच्या आत डबे लागतात. तिथून पुढचा दिवस सायकलीच्या वेगावर बेतलेला. सायकल गेली ती एरंडवण्यातल्या इमारतीच्या फाटकाबाहेरून, भरदिवसा, कणीक मळून पोळ्या होईपर्यंतच्या वेळात. मागच्या चाकाचं लॉक लावलेलं होतं. कुणीतरी मागची बाजू उचलून पुढच्या चाकावर ढकलत नेली असणार, असं समोरच्या इस्त्रीवाल्याचं म्हणणं. तेव्हापासून मावशी चालत जाऊ लागल्या. एरंडवण्याचं घर आधी उशिराचं झालं, मग सुटलं. त्या घराचे महिन्याचे जेवढे पैसे येत, जवळपास तेवढीच सायकलीची किंमत होती. सायकलीचे पैसे एकदा गेले, घराचे दर महिन्याला जातात.

मी किंमत विचारली तेव्हा मावशींनी आधी रुपये सांगितलेच नाहीत. सकाळचा पाऊण तास आणि दुपारचा पाऊण तास, असं सांगितलं. दुपारच्या पाऊण तासाचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं. शाळेतून येणारा नातू त्या वेळात बंद दारासमोर बसून राहतो. शेजारणीकडे त्याची सोय झाली आहे, पण रोजची सोय म्हणजे रोजचा उपकार, आणि मावशींनी आजवर कुणाचा उपकार अंगावर ठेवलेला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चढला. चोरावरचा राग त्या केव्हाच विसरल्या आहेत. मिंधेपणाचा राग मात्र अजून ताजा आहे.

बाणेरच्या एका मोठ्या सोसायटीत रात्रपाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाची गोष्ट याहून वेगळी नाही. तो मूळचा नांदेड जिल्ह्यातला. पाळी बारा तासांची, रात्री आठ ते सकाळी आठ. रहिवाशांच्या गाड्यांना आत पट्टे आखून जागा दिलेली, कामवाल्यांच्या आणि रखवालदारांच्या सायकली फाटकाबाहेर, कुंपणाला टेकवून. एका पहाटे तो मागच्या फाटकावर असताना पुढच्या कुंपणाला लावलेली त्याची सायकल गेली. घरून सुपरवायझरचा फोन आला आणि पहिला प्रश्न आला की स्वतःची सायकल सांभाळता येत नाही, तर लोकांच्या गाड्या काय सांभाळणार? सायकल गेल्याचं त्याने घरी बायकोला काही दिवस सांगितलंच नाही. चोरी दुसऱ्याने केली आणि मान याची खाली गेली. ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या कितीतरी जणांच्या बोलण्यात ही लाज होती. जणू बेसावध राहणं हाच गुन्हा. दागिने गेले तर माणसं सांत्वनाला येतात; सायकल गेली तर कुलूप कसलं होतं ते विचारतात.

रखवालदाराने तक्रार केली नाही. मावशींनी केली, आणि त्यांच्या हातात अदखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे बोलीभाषेत 'एनसी'ची, पोच आली. याचं कारण कायद्यात आहे, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

१ जुलै २०२४ पर्यंत भारतीय दंड संहितेत चोरी ही चोरी होती. कलम ३७९ खाली पन्नास रुपयांच्या वस्तूची चोरीही दखलपात्र होती. पोलिसांनी ती नोंदवून तपास करावा अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय होत असे तो भाग वेगळा. भारतीय न्याय संहिता आली तेव्हा कलम ३०३ मध्ये नवी तरतूद झाली. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यावी. ही कल्पना मला मनापासून पटते. पहिल्या चुकीसाठी कोवळ्या पोराला सराईतांच्या कोठडीत पाठवण्यापेक्षा त्याच्याकडून महिनाभर सार्वजनिक बाग झाडून घेणं केव्हाही चांगलं. पण त्याच वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात पाच हजारांखालची ही चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली गेली. अदखलपात्र गुन्ह्यात पोलिसांनी तक्रार वहीत लिहून घ्यायची आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जायला सांगायचं. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, असं कलम १७४ सांगतं. तपासच झाला नाही तर चोर सापडणार कुठून, आणि समाजसेवेची ती चांगली शिक्षा भोगणार कोण?

आता पाच हजारांखाली कुणाच्या सायकली येतात ते पाहा. मावशींची येते. रखवालदाराची येते. दूधवाल्याची, पेपरच्या पोराची, बिगाऱ्याची, शिकवणीला जाणाऱ्या मुलीची येते. नवी कोरी काळी दणकट सायकल आज पाच हजारांच्या पुढे जाते हे खरं, पण किंमत पाहायची ती चोरी झाली त्या दिवसाची. दोन पावसाळे काढलेली, गंज चढलेली सायकल पाच हजारांची आहे असं कुणी लिहून घेईल का? शिवाय एकाच टोळीने एका पेठेतून दहा सायकली उचलल्या तरी दहा मालकांच्या दहा वेगवेगळ्या एनसी होतात, आणि चोर एकच आहे हे दहा वह्यांच्या पानांमधून कुणाला दिसत नाही. ज्याची सायकल हेच त्याचं भांडवल, त्याच्या नुकसानीची राज्याने दखल घ्यायची नाही असा या आकड्याचा प्रत्यक्ष परिणाम आहे. मर्यादा घालायची तर ती शिक्षेला घालावी, तपासाला घालू नये.

कायद्यातली एक वाट मात्र उघडी आहे. राहत्या इमारतीतून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून झालेली चोरी न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते. तिथे पाच हजारांची अट नाही, गुन्हा दखलपात्र आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. जिन्याखालून, व्हरांड्यातून, इमारतीखालच्या पार्किंगमधून सायकल गेली असेल तर हे कलम लागू होऊ शकतं. म्हणून तक्रार लिहिताना जागा नेमकी लिहावी. 'घराजवळून' असं मोघम लिहिण्याऐवजी कोणत्या इमारतीच्या आतून, कोणत्या मजल्याच्या जिन्याखालून ते लिहावं. आणि सायकल चोरीला गेली असेल तर ती हरवल्याची नोंद करून परत येऊ नये. हरवणं आणि चोरी या दोन निराळ्या नोंदी आहेत. पहिलीत गुन्हाच नसतो.

पिंपळे सौदागरला राहणाऱ्या एका संगणक अभियंता मुलीला यातलं काहीच करावं लागलं नाही. तिची कार्बन फ्रेमची सायकल लाखाच्या वरची होती. तक्रार लगेच नोंदली गेली, इमारतीतलं चित्रण तपासलं गेलं. तिच्याशी बोलण्याआधी माझ्या मनात थोडा परकेपणा होता. तिची तर हौस, पुन्हा घेईल, असं वाटलं होतं. ती लांब पल्ल्याची सायकलपटू. एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही फेऱ्या ठरलेल्या वेळात पूर्ण केल्या की 'सुपर रँडोनर' हा किताब मिळतो. तो तिने याच सायकलीवर मिळवला. ६०० ची मुदत ४० तासांची असते. रात्री महामार्गाच्या कडेला, पेट्रोल पंपाच्या ओट्यावर अर्धा तास डोळा लागतो तेव्हा हाताशी फक्त सायकल असते. आजारपणातून उठल्यावर आपण पुन्हा धडधाकट झालो हे तिला याच सायकलीने दाखवलं होतं. चोर पार्किंगमधली तार कापून ती घेऊन गेला तेव्हा आईवडिलांना तिचं रडणं कळेना. विम्याने पैसे दिले, तिने दुसरी घेतली. दुसरी तिच्या झोपायच्या खोलीत असते. ऑफिसला सायकलने जाणं तिने बंद केलं, कारण तिथे ती कुठे लावायची? आता फक्त रविवारी पहाटे सोबत्यांबरोबर बाहेर पडते आणि चहालाही सगळे आळीपाळीने थांबतात.

सायकलचोरीने होणारं हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. ब्रिटनमधल्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्यांची सायकल चोरीला गेली त्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांनी सायकल चालवणं कायमचं सोडल्याचं आढळलं. आणखी दोन तृतीयांश लोकांचं चालवणं कमी झालं. म्हणजे एका चोरीने रस्त्यावरचा एक सायकलस्वारही उचलला जातो. आपल्याकडे शहरं सायकलमार्गांच्या आराखड्यांवर खर्च करतात. पुणे महापालिकेने असा मोठा आराखडा २०१७ मध्ये मंजूर केला. त्या मार्गाच्या टोकाला पोचल्यावर सायकल कुठे आणि कुणाच्या भरवशावर लावायची, हा प्रश्न मार्गाच्या रुंदीइतकाच महत्त्वाचा आहे. रस्ता चांगला असून उतरायची सोय नसेल तर माणूस त्या रस्त्याला लागतच नाही.

याच २०१७ च्या डिसेंबरात विद्यापीठ आणि औंध परिसरात भाड्याच्या सार्वजनिक सायकली आल्या. पुढच्या वर्षी आणखी कंपन्या आल्या, रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या. मग लॉक तोडलेल्या, सीट काढलेल्या, नाल्यात फेकलेल्या सायकलींची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येऊ लागली आणि काही वर्षांत सगळं आवरलं गेलं. त्या सायकलींना उपग्रहाशी जोडलेली कुलपं होती, क्रमांक होते, कंपन्यांची माणसं होती. नव्हतं ते एवढंच, की ही सायकल आपली आहे असं वाटणारं त्या चौकातलं कुणी माणूस.

ज्या चोरीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, ती मात्र शहरातली नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या गुरुजींनी मला त्यांच्या शाळेच्या मुलींबद्दल सांगितलं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावं लागतं. आधी ही रक्कम साडेतीन हजार होती, २०२२ मध्ये ती पाच हजार झाली. या योजनेने काय होतं ते समजून घ्यायला बिहारकडे पाहावं. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं, आणि ज्या गावांपासून शाळा लांब होती तिथे हा परिणाम विशेष होता. सायकलीने मुलींना शाळा जवळ आणून दिली.

ती सायकल गेली तर शाळा पुन्हा तेवढीच लांब जाते. गुरुजींच्या शाळेतल्या एका नववीतल्या मुलीची सायकल आठवडी बाजाराच्या दिवशी गेली. पहिले काही दिवस ती मैत्रिणीच्या कॅरियरवर बसून आली. मैत्रिणीच्या घरच्यांनी कुरकुर केली. मग भाऊ मोटरसायकलवर सोडू लागला, पण त्याच्या सवडीने. हजेरीपटात मधे मधे रिकाम्या चौकटी दिसू लागल्या. पुन्हा सायकल देण्याची योजनेत सोय नाही, आणि घरच्यांच्या लेखी मुलीला एकदा सायकल देऊन झाली होती. गुरुजी तिच्या घरी जाऊन बसले, वडिलांशी बोलले, गावातल्या दुकानदाराकडून हप्त्यावर जुनी सायकल मिळवून दिली. प्रत्येक शाळेत असे गुरुजी नसतात. अनुदानाचा आकडा आणि कायद्यातली मर्यादा नेमकी पाच हजारांवर येऊन भेटते, हे लिहिताना मला फार त्रास होतो. सरकारने मुलीला जी सायकल दिली, ती जरा जुनी झाल्यावर चोरीला गेली तर सरकारी यंत्रणेने तिचा तपास स्वतःहून करायचा नाही!

चोर कोण असतात? याचं एकच एक उत्तर नाही. पोलिसांनी सायकली पकडल्याच्या बातम्यांत अल्पवयीन मुलं वारंवार दिसतात. काहींना सायकल चालवायलाच हवी असते. ती मनसोक्त फिरवतात आणि हवा गेली की कुठेतरी सोडून देतात. काही नशेच्या पैशासाठी मिळेल त्या किमतीला विकतात. आणि काही सराईत असतात, जे टेम्पो घेऊन येतात आणि इमारतीखालच्या धूळ बसलेल्या सायकली आधी निवडून ठेवतात. नाना पेठेत वर्षानुवर्षं सायकल दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींच्या मते धूळ हीच चोराची खूण. ज्या सायकलीला महिनाभर कुणी हात लावलेला नाही, ती गेल्याचं आणखी महिनाभर कुणाला कळत नाही. चोरलेली सायकल सबंध राहतेच असं नाही. हँडल एकीकडे, चाकं दुसरीकडे, चिमटा तिसरीकडे. फ्रेमला नवा रंग. सायकल गेली की मंगळवार पेठेतल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चक्कर मारून ये, असा सल्ला पुण्यात अजूनही दिला जातो, आणि माणसं जातातही.

या सगळ्या साखळीला धरून ठेवणारा माणूस म्हणजे स्वस्तात घेणारा. सात-आठ हजारांची सायकल कुणी दीड हजारात, बिलाशिवाय, संध्याकाळच्या आत पैसे दे म्हणत विकत असेल तर ती कशी आली असेल हे घेणाऱ्याला कळतं. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसं मानायला सबळ कारण असून, तो घेणं न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. मिस्त्री स्वतः जुनी सायकल घेताना विकणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत आणि सही घेतात. त्यामुळे गिऱ्हाईक जातं, असं त्यांनीच सांगितलं, आणि जाऊ दे, असंही सांगितलं.

कुलपांविषयी मिस्त्रींकडून मी बरंच शिकले. मागच्या चाकावर बसवलेलं गोल लॉक सायकल चालवू देत नाही, पण उचलू देतं. ते पाच मिनिटांसाठी, डोळ्यांसमोर उभ्या केलेल्या सायकलीचं कुलूप आहे. चार आकड्यांचं, प्लॅस्टिकचं वेष्टण असलेलं तारेचं नंबर लॉक दिसायला भक्कम असतं, आतली तार मात्र साध्या कटरने काही सेकंदांत तुटते. यू आकाराचं पोलादी लॉक किंवा कडक पोलादाची जाड साखळी कापायला मोठं हत्यार लागतं, वेळ लागतो, आवाज होतो. चोर या तिन्ही गोष्टी टाळतो. पण कुलपापेक्षा ते कशाला अडकवलं आहे हे महत्त्वाचं. मागचं चाक, फ्रेम आणि जमिनीत पक्का रोवलेला खांब ही तिन्ही एकाच विळख्यात आली पाहिजेत. नुसतं पुढचं चाक खांबाला बांधलं तर चाक राहतं आणि बाकीची सायकल जाते. झटकन निघणाऱ्या खटक्याची चाकं आणि सीट असलेल्या गिअरच्या सायकलींना हे विशेष लागू. कुलूप जमिनीला टेकलेलं नसावं, कारण खाली फरशीचा आधार मिळाला की हातोड्याचा घाव नीट बसतो. ज्यांना महागडं कुलूप परवडत नाही त्यांना मिस्त्री हार्डवेअरच्या दुकानातून हातभर जाड साखळी आणि एक चांगलं पितळी कुलूप घ्यायला सांगतात. मावशींनी नवी, म्हणजे पुन्हा जुनीच, सायकल घेतली तर तिलाही ते हेच सुचवतील. अडचण अशी की ती साखळी अडकवायची कशाला? शहरात सायकल बांधायला खांबच नाहीत. मोठ्या इमारती, बँका, दवाखाने, मंडई यांच्या दाराशी उलट्या यू आकाराच्या चार पोलादी नळ्या सिमेंटमध्ये रोवणं हा किरकोळ खर्च आहे. ज्या सोसायटीच्या आत कामाला येणाऱ्यांच्या सायकली घेत नाहीत, तिने निदान फाटकाजवळ, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, एवढं तरी करावं. माझ्या मते तर आतच घ्याव्यात.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात डॅनियल नेटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. २०१२ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. जिथे सायकली चोरीला जात अशा तीन जागी त्यांनी रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचे मोठे फलक लावले आणि चोरांनो, आमचं लक्ष आहे अशा अर्थाचा मजकूर त्यावर लिहिला. त्या जागांवरच्या चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. विद्यापीठाच्या आवारात जिथे फलक नव्हते तिथे त्या ६५ टक्क्यांनी वाढल्या. चोर पळाला, पण पलीकडच्या स्टँडवर गेला. एका इमारतीने एकटीपुरती केलेली व्यवस्था शेजारच्या इमारतीवर उलटते ती अशी. श्रीमंत सोसायटीच्या भिंती जितक्या उंच होतात, तितका चोर भिंत नसलेल्या वस्तीकडे वळतो. म्हणून हा प्रश्न ज्याच्या त्याच्या कुलपावर सोडून चालणार नाही.

सायकलीला ओळख असली पाहिजे, हे त्याच्याही आधीचं काम. पूर्वी पुण्यासह अनेक गावांत सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे. बिल्ला नसेल, रात्री दिवा नसेल, डबलसीट असेल तर पोलीस अडवत. बिल्ल्याचा हेतू कराचा होता, पण त्याने सायकलीला क्रमांक मिळे आणि दप्तरात नोंद होई. कर गेला ते बरंच झालं. त्याबरोबर नोंदही गेली. डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकापासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकलीच्या फ्रेमवर क्रमांक कोरलेला असतो, त्याच्याशिवाय ती विकता येत नाही. जपानमध्ये १९९४ पासून सायकलीची पोलिसी नोंदणी मालकावर बंधनकारक आहे. दुकानातच काही शे येन भरून ती होते आणि फ्रेमवर एक छोटी चिकटपट्टी लागते. नोंदणी नसल्याबद्दल दंड मात्र नाही. आपल्याकडे अशी नोंद आणायची तर ती जपानसारखी दंडाविना, आणि त्याहून पुढे जाऊन फुकट असावी. दंड आला की तो पुन्हा चौकात अडवलेल्या बिगाऱ्याच्या खिशातून जाईल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावं. बहुतेक सायकलींच्या फ्रेमवर कारखान्यातून आलेला चेसी नंबर असतोच. सायकल उलटी केली की पायडलचा धुरा बसतो त्या नळीच्या खालच्या बाजूला तो ठोकलेला दिसतो. कधी सीटच्या खालच्या नळीवर असतो. चिखल पुसून त्याचा फोटो काढावा. सायकलीचा एका बाजूने पूर्ण फोटो, बिलाचा फोटो, एखादी खास खूण. बिल नसेल तर ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्यावं. सीटच्या नळीत नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला मिस्त्री सांगतात, कारण चोर रंग बदलतो, पण सीटच्या नळीत सहसा पाहत नाही. परभणीच्या गुरुजींनी हेच शाळेपुरतं केलं. सायकली आल्या त्याच दिवशी प्रत्येकीचा चेसी नंबर रजिस्टरला चढवला आणि मागच्या मडगार्डवर तैलरंगाने शाळेचं नाव आणि अनुक्रमांक लिहिला. मुलींना ते आधी आवडलं नाही, नवी सायकल खराब दिसते म्हणून. मग त्यांनीच आकड्यांभोवती फुलं रंगवली.

आणि सायकल-स्टँड. पुण्यातल्या कॉलेजांत, चित्रपटगृहांपाशी, स्टेशनांवर सायकल-स्टँड असत. तिथे खाकी शर्टातला एक माणूस पत्र्याचं टोकन देई आणि टोकन परत घेतल्याशिवाय सायकल सोडत नसे. चोरीवर त्याहून खात्रीचा उपाय अजून निघालेला नाही. नेदरलँड्समध्ये युट्रेक्टच्या रेल्वे स्थानकाखाली २०१९ मध्ये साडेबारा हजार सायकलींचा स्टँड पूर्ण झाला. तिथेही मुळात हीच व्यवस्था आहे. छप्पर, खाचा, ये-जा टिपणारी यंत्रणा आणि देखरेख करणारी माणसं. पहिले चोवीस तास पैसे नाहीत. आपल्या स्टँडच्या जागा हळूहळू दुचाकी-चारचाकींच्या पे अँड पार्कला गेल्या. ठेकेदाराला सायकलीतून काही सुटत नाही, म्हणून ती कोपऱ्यात, मग बाहेर. मेट्रोची स्थानकं नव्याने उभी राहात आहेत, एसटी स्थानकांचं नूतनीकरण चाललं आहे. त्या ठेक्यांमध्ये अमुक इतक्या सायकलींना राखीव, फुकट आणि टोकनाची जागा द्यावी, अशी एक अट घालता येईल. त्या टोकनावर एका माणसाला रोजगारही मिळेल, बहुधा अशाच कुणाला, जो स्वतः सायकलने कामावर येतो.

राहिला प्रश्न सापडलेल्या सायकलींचा. कितीतरी पोलीस ठाण्यांच्या मागे मुद्देमालाच्या ढिगात सायकली असतात. टायर सडलेले, स्पोकमधून वेल वर चढलेले. जप्त वस्तू ठाण्यांमध्ये कुजत ठेवू नयेत, पंचनामा आणि छायाचित्रं करून मालकाला परत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ मध्येच सांगितलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने त्याला मुदतही घातली आहे. वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचं विवरण आणि छायाचित्रं तयार व्हावीत, आणि त्यानंतर ३० दिवसांत तिचं काय करायचं त्याचा आदेश व्हावा. अडतं ते बहुधा मालकापाशी. चोर पकडला जातो, त्याच्याकडे पंधरा सायकली मिळतात, पण त्या कुणाच्या ते कळत नाही, कारण तक्रार नसते, नंबर नसतो, बिल नसतं. एनसी जरी झाली असली तरी तिच्यात चेसी नंबर लिहिलेला असेल तर सायकलीचा मालक सापडतो. म्हणून ज्यांची सायकल गेली आहे त्यांनी ती एनसीची पोच फेकून देऊ नये. २ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा वर्धापन दिन, आणि त्याला जोडून होणाऱ्या सप्ताहात अनेक ठाण्यांमधून हस्तगत मुद्देमाल मूळ मालकांना परत दिला जातो. फोन आला नसला तरी त्याआधी एकदा ठाण्यात जावं. मुद्देमाल कारकुनाला भेटावं, पोच, फोटो आणि नंबर दाखवावा आणि मागच्या अंगणातल्या सायकली बघू द्या म्हणावं. मावशींना मी तारीख लिहून दिली आहे. सोबत त्यांची सून येणार आहे, कारण सायकल घेतली त्या दिवशी नातवाला बास्केटमध्ये बसवून काढलेला फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे, आणि त्यात फ्रेमचा पोचा आलेला भाग स्पष्ट दिसतो.